उजव्या बाजूची पायरी

“आणि पाय कुठे ठेवायचा?”

बाबालालचाचांनी विचारलं. इंजिन त्यांच्या मांडीवर होतं, जेमतेम वीतभर. त्यांचा अंगठा ड्रायव्हरच्या खोलीखाली, उजव्या अंगाला काहीतरी शोधत होता.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वय चौऱ्याऐंशी. कुर्डुवाडीच्या छोट्या लाइनीवर ते फायरमन होते. हे इंजिन खरं होतं, मोठं होतं, तेव्हा एकोणीस वर्षं ह्याच्या पोटात कोळसा त्यांनी घातला. इंजिन नंबर एकशे चौदा. पुढे ते भंगारात गेलं, रूळ उखडले, मोठी लाइन आली. चाचा उरले.

आणि श्रीरंगनं केलेलं हे मॉडेल.

श्रीरंग माझा नवरा. आमच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. त्यात वाफेची एक्केचाळीस इंजिनं आहेत. लग्नाला तीन महिने झालेत, त्यामुळे मला सगळ्यांची जन्मसालं पाठ आहेत. मधुचंद्राला आम्ही एक बंद पडलेली इंजिनशेड पाहिली. फोटोत मी कमी आहे, शेड जास्त.

चाळीस विकतची. एक्केचाळिसावं त्यानं दोन वर्षं खपून स्वतः केलं. पुढच्या महिन्यात पुण्याला प्रदर्शन होतं. तिथे ते मांडण्याआधी त्याला चाचांकडून एकच शब्द हवा होता. बरोबर. तेवढ्यासाठी आम्ही सकाळीच निघून चाचांच्या घरी आलो होतो.

“पाय...?” श्रीरंग म्हणाला.

“पायरी, साहेब. इथून चढायचो मी. इथं लागत नाही हाताला.” अंगठा पुढे सरकला. बॉयलरच्या निम्म्यापाशी येऊन थांबला. “ही इथं कशी काय?”

माझ्या बांगड्या वाजल्या. हिरवा चुडा अजून उतरवला नव्हता. मी दुसऱ्या हातानं तो घट्ट धरला.

पाच आठवड्यांपूर्वी कपाट पुसताना फडक्यात अडकून ती पायरी निघाली. तांदळाच्या दाण्याएवढी. जिन्यात श्रीरंगची चाहूल लागली, तशी मी ती जिथे बसेल तिथे चिकटवून टाकली. सांगू, म्हटलं. उद्या सांगू. मग त्याच्या लक्षातच येईना. रिवेट अन् रिवेट मोजणाऱ्या माणसाला पायरी दिसत नाही, ह्याचं मला मनातल्या मनात हसू यायचं. खोटं कशाला बोलू... चांगलं पाच आठवडे यायचं.

आता श्रीरंग काय म्हणतो, ते मी ऐकत होते.

तो वाकला. पायरीकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग ताठ होत तो म्हणाला, “ह्या मालिकेत पायरी पुढेच होती, चाचा. कारखान्याच्या मूळ आराखड्यात आहे तशी.”

“असं?”

“हो. पुढं बदलली असेल. माझ्याकडे कागद आहेत.”

चाचांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावली.

“मग एकोणीस वर्षं मी चुकीच्या जागेवरनं चढलो म्हणायचं...”

श्रीरंगचे कान लाल झाले. त्याचे कान लाल होतात, हे मला पहिल्यांदाच कळलं.

“कागदात तसं आहे,” तो पुन्हा म्हणाला. ह्या वेळी जमिनीकडे बघून.

मी तेव्हा बोलू शकले असते. ‘मी मोडली’ एवढंच. मी फरशीच्या भेगा बघत बसले. त्याची लाज वाटत होती, आणि ती लाज माझी होती. ती मी त्याच्या अंगावर घालून गप्प बसले होते.

“सूनबाई, बांगड्या का थांबल्या?” चाचा म्हणाले.

“नाही... काही नाही.”

“बरं.”

ते उठले. भिंतीच्या कडेची पत्र्याची ट्रंक ओढत खोलीच्या मध्यावर आणून उभी केली. तिच्यावर वळकटी ठेवली. श्रीरंग मदतीला धावला, तर त्याला हातानंच थांबवलं.

“हा बॉयलर. तुम्ही डावीकडं बसा, साहेब. ड्रायव्हरची जागा. बेटी, तू उजवीकडं. माझी, फायरमनची. ड्रायव्हरला दिसत नाही, ते फायरमननं बोलायचं.”

आम्ही ट्रंकेच्या मागे खाली बसलो, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. श्रीरंगचा फक्त गुडघा दिसत होता मला.

“दुलबाजी ड्रायव्हरनं मला पहिल्या दिवशी असंच बसवून विचारलं होतं,” चाचा म्हणाले. इंजिन अजून त्यांच्या हातातच होतं. भिंत चाचपत ते खोलीच्या उजव्या कोपऱ्यात गेले, माझ्या समोर. पाठ आमच्याकडे करून क्षणभर थांबले. खट् असा बारीकसा आवाज झाला. मग वळले.

“गाडी उजव्या वळणावर आहे. मी सिग्नल. साहेब, माझा हात कसा आहे?”

“चाचा, ते मॉडेल...”

“हात कसा आहे?”

श्रीरंगनं मान लांब केली. ट्रंक आडवी येत होती.

“वर आहे... बहुतेक.”

“तुमच्या कागदात बघा.”

बाहेर कुणीतरी बादली ठेवली.

माझ्या बाजूनं मला सगळं स्वच्छ दिसत होतं. चाचांचा हात आडवा होता, सरळ खांद्याच्या रेषेत. आडवा हात म्हणजे ‘थांबा’. तळवा उघडा होता. तळव्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पायरी होती, आणि तिला माझ्या घाईचा वाळलेला पांढरा गोंद.

“साहेब?”

“दिसत नाही, चाचा,” श्रीरंग म्हणाला. मग खालच्या आवाजात, “मघाशीही... मला माहीत नव्हतं. पायरी तिथे कशी आली, मला खरंच माहीत नाही.”

“बरोबर,” चाचा म्हणाले.

ज्या शब्दासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो, तो असा मिळाला. श्रीरंगचा गुडघा हलला नाही.

चाचांचा हात तसाच होता. म्हातारा हात, एव्हाना भरून आला असणार. खाली मात्र येईना. दुधाळ डोळे माझ्याकडे वळले. माझ्या चुड्याच्या आवाजावरून त्यांना मी कुठे आहे ते कळलं असणार. कारण मी हात सोडला होता, आणि बांगड्या पुन्हा वाजत होत्या.

“बोल, बेटी. वळण तुझ्या बाजूचं आहे.”