पिकअपचा गार्ड

कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार. सकाळी दाट धुकं, दुपारी कोरडं ऊन. लोखंडाचं बोलणं लोहारांना कळायचं, त्या काळातली ही गोष्ट.

घाटातल्या वळणावर रेडा आडवा आला आणि टोमॅटोच्या पिकअपचा रेडिएटर फुटला. मालक सोपानतात्या म्हणाले, "पुन्हा फुटला तर हिला भंगारात घालीन." म्हणून पिकअप जनू लोहाराच्या शेडमध्ये तोंडापुढं बसवायचा लोखंडी गार्ड निवडायला आली.

भिंतीवरचा चकचकीत गार्ड म्हणाला, "मला घे. रेडा माझ्यात स्वतःचं तोंड बघून लाजेल!"

पिकअप भुललीच. तेवढ्यात कोपऱ्यातली जुनी बैलगाडी खाकरली. "अगं पोरी, तो कशाला धरून बसणार, ते विचार की."

"पुढच्या पत्र्याला," गार्ड पुटपुटला.

"पोळ्याला माझं जू हिंगुळानं रंगवायचे," बैलगाडी म्हणाली. "घुंगरं वाजली की अख्खी आळी दारात यायची. पण घाट उतरताना आखापर्यंत गेलेली दांडीच कामाला आली. तुझा आख म्हणजे चासी, तुझा खालचा सांगाडा. तिला धरील असा गार्ड घे."

"तसला इथं कुठंय, आजी?"

"माझ्या चाकांवरच्या लोखंडी धावा काढ म्हणावं जनूला. मला आता कुठं जायचंय?"

जनूनं धावा तापवून सरळ केल्या, त्यांचा गार्ड घडवला आणि चासीला बोल्टांनी आवळला.

माघात त्याच वळणावर रेडा पुन्हा धडकला आणि उठून चालता झाला. गार्ड दोन बोटं वाकला. रेडिएटरमधून पाण्याचा थेंब सांडला नाही. टोमॅटोचे साठही क्रेट वेळेत बाजारात पोचले.