एक्केचाळिसावा अर्ज

“माय, बेकारी भत्ता तुम्हाला आजवर कितीदा मिळाला?”

“एकदाबी न्हाई.”

उद्धव धायतडक बघतच राहिला. एसटीनं दीड तास आणि पुढं डोंगरातून सहा किलोमीटर पायपीट करून तो या बाईला भेटायला आला होता. रोजगार हमीचा कायदा कुणाला कळतो, असं तालुक्यात कुणालाही विचारा, लोक एकच नाव घेत. सोजरमाय. आणि ही सोजरमाय कामावरच्या बाभळीखाली बसून खुशाल सांगत होती की भत्त्याचा रुपया तिनं पाहिलेला नाही!

चांगलाच फसलो, तो मनात म्हणाला.

उद्धव काही ऐरागैरा नव्हता. एम. ए. झालेला, कायद्याची कलमं तोंडपाठ, आणि ती म्हणून दाखवायची हौसही दांडगी.

“मी सांगतो, माय. काम लेखी मागायचं. पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर सोळाव्या दिवसापासून भत्ता. पहिले तीस दिवस मजुरीचा निदान पाव हिस्सा, पुढं निदान निम्मा. बरोबर?”

“बरोबर.”

“मग आमचा दावा दोनदा का फेटाळला?”

हे विचारताना त्याचा आवाज पडला. गावातली चाळीस माणसं त्याच्या शब्दावर थांबली होती. दिवाळी झाली की ऊसतोडीचा ट्रक येतो, घरंच्या घरं कुलूप लावून निघतात, पोरंही जातात आणि शाळा ओस पडते. यंदा उद्धवनं पारावर उभं राहून सांगितलं होतं, कुणी हलायचं नाही, काम नाही तर भत्ता मी आणतो. आता लोक पुन्हा कोयत्यांना धार लावू लागले होते. त्याच्याशी कुणी भांडलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं.

“कागद वाच,” सोजरमाय म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं.

उद्धवनं घसा साफ करून वाचलं. “आमच्या गावातील चाळीस बेरोजगार मजुरांच्या वतीने मी, उद्धव ज्ञानोबा धायतडक…”

“नावं?”

“कुणाची?”

“चाळिसांची.”

“नावं कशाला? त्यांच्या वतीनं मी सही केलीय ना.”

“जॉबकार्डाचे नंबर? काम कवापासून पायजे, ती तारीख?”

उद्धव कागद उलटून पाहू लागला.

“पोच?”

पोच होती. उद्धवनं ती ऐटीत काढून दाखवली. गोल शिक्का, तारीख, आणि एकच नाव. त्याचं.

सोजरमायनं ती उलटसुलट केली आणि परत दिली.

“जेवलास का, लेकरा?”

“नाही, माय. पहाटे निघालो.”

तिनं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. अर्धी भाकरी मोडून तिनं त्याच्यापुढं धरली. उद्धवनं हात पुढं केला.

तिनं हात मागं घेतला आणि ती भाकरी स्वतःच खाऊ लागली. सावकाश, एकेक घास चावून. शेवटचा तुकडा संपल्यावर वर तांब्याभर पाणी प्याली.

“भरलं का पोट?”

“माझं? माझं कसं भरेल?”

“तुझ्या वतीनं खाल्ली की.”

बाजूला जेवत बसलेल्या बाया फिसकन हसल्या. उद्धवचे कान तापले. मग हसू ओसरलं.

सोजरमायनं उरलेली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. भूक कडाडून लागली होती, तरी त्यानं ती तशीच हातावर धरली.

तेवढ्यात तिनं पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून त्याच्यासमोर उघडला. आत पोचाच पोचा. काही इतक्या जुन्या की घडीवर विरलेल्या. रखमा. शेवंता. हलिमा. गंगूबाई. प्रत्येकीची वेगळी, प्रत्येकीवर तारीख.

“एवढ्या पोचा, आणि भत्ता एकदाही नाही?”

तिनं नुसती हनुवटी वर केली. उद्धवनं मागं वळून पाहिलं.

डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चरांनी आखलेला होता. चरांच्या कडेनं झाडी उभी होती. खाली तळं, तळ्याच्या पलीकडं हिरवं रान. सकाळी याच वाटेनं तो आला होता आणि कलमं घोकण्याच्या नादात त्यानं मान वर केली नव्हती.

“पोच दिली की सायबाला दिवस मोजावं लागत्यात,” सोजरमाय म्हणाली. “भत्ता द्यायची पाळी कुणाला पायजे? चौदाव्या दिशी काम निघतंय.”

जे कलम उद्धव वर्षभर तोंडानं म्हणत होता, ते या बायांनी डोंगरावर उतरवलं होतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“आणि पोच दिलीच नाही तर?”

“बसायचं.”

“किती वेळ?”

“देईस्तोवर.”

निघताना ती म्हणाली, “एक्केचाळीस अर्ज कर.”

“चाळीस, माय. माणसं चाळीसच आहेत.”

“परत मोज.”

एसटीत बसून त्यानं मोजलं. घरोघरची नावं बोटांवर घेतली. चाळीसच. म्हातारीचा हिशेब चुकला म्हणावा, तर तो डोंगर डोळ्यांपुढून हलेना. गावाच्या फाट्यावर उतरला तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. आईच्या जॉबकार्डावर त्याचंही नाव होतं. एम. ए. झालेल्या माणसानं ते कार्ड आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी उद्धव परत आला. सोजरमाय त्याच बाभळीखाली होती. या खेपेला तो तिच्यासमोर मातीतच बसला.

“सगळ्यांनी आपापला अर्ज दिला, माय. पोचेसाठी संध्याकाळपर्यंत बसलो. चौदाव्या दिवशी पाझर तलावाचं काम निघालं.” त्याला दम लागला होता. “ट्रक आला. दोन घरं गेली, बाकी राहिली. शाळा भरतेय.”

“आणि भत्ता?”

“नाही मिळाला,” तो म्हणाला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

सोजरमायनं त्याचा उजवा हात ओढून तळवा उताणा केला. कुदळीनं आलेले फोड, दोन फुटलेले, त्यांवर हळद.

“हं,” ती म्हणाली. “आता सोताच्या वतीनं इचार. त्या दिशी काय इचारत हुतास?”