एकशे वीस मोर

संगणकांच्या जगात दहा वर्षं म्हणजे एक युग. अशाच एका युगापूर्वी, शाळांसाठी कार्टून बनवणाऱ्या उज्ज्वलाताई पोतनीसांच्या संगणकात एक जुनं ग्राफिक्स कार्ड होतं. ताईंनी त्याच्या शेजारी नवं कार्ड बसवलं आणि दोघांना आळीपाळीने एकच काम दिलं. नाचणारा मोर काढायचा, म्हणजे मोराची चित्रं भराभर एकामागून एक. जे सरस ठरेल ते राहील, दुसरं कपाटात जाईल.

थोरल्याने जिवाचं रान करून सेकंदाला साठ मोर काढले. त्याचा पंखा घरघरू लागला. धाकट्याने हसत-खेळत एकशे ऐंशी काढले. आपली पाठवणी आता कपाटात, हे थोरल्याने मनाशी धरलं.

ताईंनी मात्र दोन्ही नाच पुन्हा पुन्हा पाहिले. "मला तर काही फरक दिसेना," त्या म्हणाल्या. "राहू देत दोघंही."

धाकटं स्क्रीनवर चिडलं. "मावशी, माझे बाकीचे मोर कुठे गेले?"

स्क्रीन ओशाळून म्हणाली, "बाळा, मला सेकंदाला साठच दाखवता येतात रे. उरलेले टाकून द्यावे लागतात."

धाकट्याने हिशेब केला. दर सेकंदाला एकशे वीस मोर, आणि एकही कुणी पाहिला नव्हता.

थोरल्याला खरं तर हसू यायला हवं होतं. पण शेजारचा पंखा थांबलेला पाहून त्याला राहवलं नाही.

"त्यातला एखादा कसा होता," ते हळूच म्हणालं, "मला सांग ना."