नवे कोट जुने करणारा दामू

गडाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात दामू बगाडे नावाचा एक भोळा शिंपी होता. हाताला कसब होतं. डोक्याचं मात्र असं, की सांगितलं तेवढंच करायचं आणि सांगितलं तसंच करायचं. एकदा हेडमास्तर म्हणाले, "झेंडावंदनाला पोरांची बटणं उघडी दिसता कामा नयेत, घट्ट लावून दे." दामूने पोरं ओळीने उभी केली आणि सगळ्यांची बटणं काजांना शिवून टाकली. दुपारपर्यंत एकही पोर सदऱ्यातून बाहेर येईना.

वर्षभरात त्याची अशी तीन ठिकाणची कामं गेली. शेवटी सासरे आले आणि बायकोला, इंदूला, माहेरी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "जावईबापू, दिवाळीपर्यंत एका जागी टिकून दाखवा. मी सोता इंदूला आणून सोडतो."

दामू रडला. इंदूवर त्याचा फार जीव होता. आता काहीही झालं तरी मालकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं.

त्याच सुमारास शहरातले दातारसाहेब गावात दुकान घालायला आले. दुकान मोठं अजब होतं. शंभर वर्षांपूर्वी डोंगर चढणारे लोक जे घालत, तसे खाकी कोट, पोटऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या, पितळी बकलांच्या जाड कापडी पिशव्या. सगळं नवंकोरं, पण जुनं दिसणारं. गावात फाटका कोट घालणाऱ्याला लोक गरीब म्हणत, या दुकानातून घेऊन घालणाऱ्याला साहसवीर म्हणत.

साहेबांनी दामूला कामावर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ, नवं दिसणारं आपल्याकडे खपत नाही. दुकानात जे जे नवं दिसेल ते जुनं करून टाकायचं."

"व्हय साहेब."

चहाच्या पाण्यात भिजवायचं, विटेने घासायचं, कोपरावर ठिगळ लावायचं. महिनाभरात दामूचा हात असा बसला, की सकाळी आलेला कोट संध्याकाळी आजोबांचा वाटे. साहेब खूश झाले. दामूने सासऱ्यांना निरोप धाडला, टिकलोय.

एके दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी अंगातलं कोरं करकरीत जाकीट खुंटीला अडकवलं आणि आत कोट घालून बघायला गेल्या. दामूला खुंटीवर नवं काहीतरी दिसलं. बाई बाहेर येईपर्यंत जाकीट चहातून निघालं होतं आणि दामू दुसऱ्या कोपराला ठिगळ लावत होता.

बाईंनी दुकान डोक्यावर घेतलं. त्या गेल्यावर साहेब कडाडले, "अरे शहाण्या, गिऱ्हाइकाच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!"

"व्हय साहेब. आता इचारल्याबिगर हात न्हाई लावायचा."

दुसऱ्या आठवड्यात एक जाडजूड वकीलसाहेब आले. त्यांना गळाबंद कोट हवा होता, तोही आपल्या मापाहून दोन नंबर कमी. जुन्या फोटोतली माणसं सडपातळ असतात ना! त्यांनी वरचं बटण कसंबसं लावलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. मग जांभळा झाला. ते दोन्ही हातांनी गळा दाखवू लागले.

दामू अदबीने पुढे झाला. "साहेब, तुमच्या गळ्याला हात लावू का?"

वकीलसाहेबांच्या तोंडून शब्द फुटेना.

"तुम्ही हो म्हना, मग लावतो," दामू म्हणाला आणि हात बांधून उभा राहिला.

दातारसाहेब धावत आले, बटण तोडलं, वकिलांना पाणी पाजलं. मग दामूकडे वळले. "माणूस लाल होऊन लटपटतोय आणि तू परवानगी मागतोस? अशा वेळी विचारत बसायचं नाही. कात्री घ्यायची आणि कापायचं!"

"व्हय साहेब. लाल दिसला की कापायचं."

पुढच्या रविवारी शहरातलं एक मंडळ आलं. बाराही जणांनी दुकानातून डोक्यापासून पायापर्यंत पोशाख घेतला आणि गडाच्या मोहिमेवर निघाले. मोहीम म्हणजे पहिल्या वळणावरचा कातळ. तिथे मंडळाचे अध्यक्ष दोराला लटकले, फोटोसाठी. खाली हातभर अंतरावरच करवंदीची जाळी होती. पण फोटोत जिवाचा आकांत दिसायला हवा, म्हणून अध्यक्षांनी श्वास कोंडला, डोळे वटारले आणि तोंड लालबुंद केलं.

पिशव्या घेऊन सोबत आलेल्या दामूने ते तोंड पाहिलं. तो काही न विचारता वर चढला आणि त्याने दोर कापला.

अध्यक्ष जाळीत बसले. त्यांच्या अंगातले काटे काढून संपेपर्यंत मंडळाची साहसाची हौसही संपली. बाराही जण दुकानात आले आणि कोट, पट्ट्या, पिशव्यांचा ढीग घालून म्हणाले, "हे सगळं परत घ्या!"

साहेबांनी घेतलं, पण ते हबकलेच. दामूला म्हणाले, "कान उघडे ठेवून ऐक. आजपासून एकदा इथून नेलेलं परत घ्यायचं नाही. समोरचा रडला, पाया पडला, कुणीही असला, तरी दारातूनच सांगायचं. तुमच्या मर्जीनं नेलंत, आता तुमचं तुम्ही सांभाळा. हे नीट केलंस तर नोकरी पक्की, नाहीतर आजच घरी जा."

दामूने ते दहा वेळा घोकलं आणि खरंच पाळलं. एकजण भिजून आखडलेले मोजे घेऊन आला, दामूने दारातून परत पाठवला. एकजण तुटलेलं बक्कल घेऊन आला, तोही गेला. साहेब म्हणाले, "शाबास दामू, आता तू कायमचा!" दामूने आनंदाने सासऱ्यांना कळवलं.

दिवाळीला दोन दिवस उरले असताना साहेब मागच्या खोलीत माल लावत होते आणि दामू दारात बसला होता. तेवढ्यात समोर बैलगाडी थांबली. सासरे उतरले. मागून हिरवं लुगडं नेसलेली इंदू उतरली, हातात फराळाचा डबा. धावत जाऊन तिच्या हातातला डबा घ्यावा असं दामूला वाटलं.

सासरे हसत म्हणाले, "जावईबापू, शब्द राखलात! मी नेली हुती, ही घ्या परत."

दामू उठला. त्याचे डोळे भरून आले, पण त्याने दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवली.

"न्हाई मामा. तुमच्या मर्जीनं नेलंत, आता तुमचं तुम्ही सांभाळा."

"आवं, असं काय करता? चूक झाली आमची, पाया पडतो!"

"पाया पडलं तरी न्हाई."

इंदूने डबा उंबऱ्यावर आपटला आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळली, दिसेनाशी झाली. दामूने उपरण्याने डोळे पुसले आणि छाती काढून मागच्या खोलीत गेला.

"साहेब, आज पर्तेक्ष सासरं आलं हुतं. लई इनवण्या केल्या. पर म्या काय परत घेतलं न्हाई."

"वा रे पठ्ठ्या!" साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "काय परत द्यायला आले होते?"

"माझी बायकू."