मूलगामी आणि लिंबोणी

एकदा एक गुळाचा व्यापारी वृद्ध आचार्यांकडे आला. त्याच्या परसातली लिंबोणी पिवळी पडत चालली होती. चार वर्षांपूर्वी सासरी जाण्याआधी लेकीने ती स्वतःच्या हाताने लावली होती, आणि दोन महिन्यांनी ती बाळाला घेऊन माहेरी येणार होती. "तिला काय दाखवू?" त्या भल्या माणसाने विचारले.

आचार्यांचा शिष्य तल्लख होता. पण अलीकडे 'मूलगामी' हा शब्द त्याच्या तोंडात बसला होता. आमटी खारट झाली, तरी हा चूल बदला म्हणे! व्यापाऱ्याच्या परसात जाऊन झाड पाहताच तो म्हणाला, "मलमपट्टीने काही होणार नाही. मूलगामी उपाय हवा. मुळासकट उपटा आणि नवे लावा." व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"उपाय मूलगामीच करू," आचार्य म्हणाले. मात्र त्यांनी शिष्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि खुरपे दिले. "बस खाली. माती उकर. एकही मूळ तुटता कामा नये."

शिष्य बुचकळ्यात पडला, पण बसला. दुपारपर्यंत उकरल्यावर बोटांना काळे प्लास्टिक लागले. रोपवाटिकेतली पिशवी! लेकीने घाईत रोप पिशवीसकटच लावले होते, आणि बहुतेक मुळे आतल्या आत वेटोळी घालून बसली होती. आचार्यांनी पिशवी अलगद कापली, मुळे मोकळी केली.

"अरे, 'गामी' म्हणजे जाणारा," ते म्हणाले. "जो मुळापर्यंत जातो, तो मूलगामी. उपटणे म्हणजे निर्मूलन. तावातावाने बोलणे म्हणजे जहालपणा. तिन्ही शब्द भाषेला हवेत. पण एकाचे नाव दुसऱ्याला दिले, की चांगले झाड हकनाक जाते."

"आणि मूळ कुजलेलेच निघाले असते तर?"

"तर उपटले असते. पण पाहून."

दोन महिन्यांनी लेक आली, तेव्हा लिंबोणीला कोवळी पालवी फुटली होती, आणि ती पाहायला आचार्य व शिष्यही आले होते. तिने बाळाला पान हुंगायला दिले आणि कौतुकाने विचारले, "बाबा, हिला घातलंत तरी काय?"

व्यापाऱ्याने शिष्याकडे बोट दाखवले.

"घातलं काही नाही, ताई," शिष्य म्हणाला. "जरा मुळाशी गेलो, एवढंच."

पिशवीचे नाव त्याने काढले नाही. आचार्यांना फार बरे वाटले.