मुंगयचं ऊन

सातपुड्याच्या ऐन माथ्यावर, जिथे एसटी दिवसातून एकदाच धापा टाकत येते, तिथे पिपलीढाणा नावाची कोरकूंची वस्ती आहे. भोवती कॉफीच्या बागा. जांभूळ, उंबर, शिरीष यांच्या दाट सावलीत झुडपं उभी, आणि मधोमध एक उतार मात्र साफ बोडका. तिथे कुसळी गवताखेरीज काही तग धरत नाही. एवढी जागा मोकळी का, असं पाहुण्यांनी विचारलं की वस्तीतले म्हातारे लालमनबाबा त्यांना आधी खाली बसवतात. उभ्याउभ्या ऐकायची ही गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या उताराला 'मुंगयचं ऊन' म्हणतात.

फार मागे ही सगळी बाग एकाच मालकाची होती, असं सांगतात. मुंगय तिथे फळं तोडायला जाई. तिचा नवरा जंगू मोहफुलं वेचताना अस्वलाच्या तावडीत सापडून मेला. कोरकूंत माणूस गेला की सागाचा खांब कोरतात, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार काढतात आणि गावच्या आंब्याखाली पूर्वजांच्या रांगेत रोवतात. त्याला मुंडा म्हणतात. मुंडा सावलीत उभा राहिला की मेलेला माणूस निवतो, नाहीतर भटकत राहतो. मुंगयने पोटाला चिमटा घेऊन गावाला जेवण घातलं आणि जंगूचा मुंडा रोवला. त्यानंतर कुठे तिला धड झोप लागू लागली.

त्याच वर्षी तोडणीच्या हंगामात अवकाळी आभाळ भरून आलं. तोडलेली फळं वाळवायच्या माचाचा एक खांब नेमका तेव्हाच मोडला. मालकाने मुकादमाला फर्मावलं, असेल तिथून सागाचं लाकूड आण. मुकादम खालच्या मुलखातला. त्याला आंब्याखाली आयते खांब दिसले. त्यातला सगळ्यात नवा, सगळ्यात सरळ त्याने उपटून नेला.

सकाळी माचावर फळं पसरायला गेलेल्या मुंगयला तो दिसला. मुकादमाने खांब उलटा गाडला होता. चंद्र-सूर्य मातीत, आणि घोडेस्वार डोकं खाली करून भर उन्हात. ती तशीच बंगल्याकडे धावली, पण मुकादमाने तिला पायरीवरच अडवलं.

"लाकूड आहे ते, बाई. लाकडाला काय नाव असतं?" तो म्हणाला, आणि भोवतीची माणसं हसली.

गावचा भुमका, म्हणजे पुजारी, तिला समजावू लागला. थोरामोठ्यांशी वैर नको, दुसरा खांब कोरून घेऊ.

"दुसरा खांब भेटन, बाबा," मुंगय म्हणाली. "दुसरा जंगू कुठून आणू? तो उन्हात उलटा उभा हाय तवर मी सावलीत बसत नाई. आन् त्या मालकाची बागबी बसनार नाई."

त्या दिवसापासून बाकीच्या बाया झाडाखाली भाकरी खात, ती उन्हात बसे. दुःखाने डोकं फिरलं म्हणून लोकांनी तिचा नाद सोडला. ते तिच्या पथ्यावरच पडलं. बागेच्या काळजासारखा तो उतार तिच्या तोडणीला होता. कंबरेचा विळा काढून ती सावलीच्या एकेका झाडाची साल बुंध्याभोवती गोल सोलायची आणि वर ओली माती लिंपायची. झाड असं सोललं की ते उभ्या उभ्या वाळतं, आणि सावली गेली की कॉफी करपते, हे डोंगरातल्या कोणालाही ठाऊक असतं. रोज थोडं, रोज थोडं. हात सोलवटले, पण राग काही सोलवटला नाही.

उन्हाळ्यात उतारावरची झाडं खराट्यासारखी झाली आणि कॉफीवर लख्ख ऊन पडलं. पुढे झालं भलतंच. झुडपं फळांनी इतकी लगडली की फांद्या जमिनीला टेकल्या. मालक खूश. त्याने बायांना गूळ वाटला, मुंगयच्याही हातावर खडा ठेवला. आपण त्याचं वाटोळं करायला गेलो आणि त्याचंच घर भरलं, या जाणिवेने तिचा जीव जळला. गूळ तिने वाटेवर टाकला आणि उरलेल्या झाडांना विळा लावला.

पण ते पीक म्हणजे कॉफीचा शेवटचा श्वास होता. सगळा रस फळांत गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात झुडपं शेंड्यापासून काळी पडत खाली आली. मालकाने पखालींनी पाणी घातलं, जाणकार आणले, नवस बोलला. उतार मेला तो मेलाच. बायांचंही काम गेलं, त्या वर्षी वस्तीने कंदमुळं उकडून खाल्ली. सालीवरची माती गळून विळ्याचे वळ उघडे पडले होते. ते सगळ्यांनी पाहिले आणि कोणीही तोंड उघडलं नाही.

मालक बाग विकून निघाला, तेव्हा त्याची बैलगाडी वाटेत थांबली. समोर मुंगय उभी होती. ओस पडलेल्या माचाचा खांब तिच्या खांद्यावर होता.

"हा माह्या माणसाचा मुंडा," ती म्हणाली. "याच्यापायी तुमची बाग म्या मारली."

मालक गाडीतून वाकून त्या लाकडाकडे बघू लागला. त्याने तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

"एका खांबासाठी?" तो म्हणाला. "अगं, मागितला असतास तर दिला असता."

"नेतानी तुमी मागितला होता का?"

तिने वाट सोडली, मुंडा आंब्याखाली सुलटा रोवला आणि त्याच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली.

आजही पिपलीढाण्यात कोणी मालक वाळवणीचा माच उभारणार असला, तर प्रत्येक खांब स्वतःच्या खांद्यावरून आंब्यापाशी आणतो आणि सावलीत बसलेल्या तोडणीच्या बायांपुढे आडवा ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" बाया खांब फिरवून फिरवून बघतात, हात लावतात, आपसात बोलतात. उत्तर ठरलेलं असतं, "कोनाचा नाई, ने." पण ते त्या लगेच देत नाहीत. तोवर मालक उन्हात उभा असतो.