हुर्मतबीची चादर

चपला तिकडं काढा, आणि चादर लांबूनच बघा, हात लावू नका. रेशमाचं भरतकाम आहे, वेली आहेत, फुलं आहेत. काठाला वेडेवाकडे टाके दिसतील. हसू नका. या गावात चुकलेला टाका कुणी उसवत नाही. का, ते ऐका.

ही कबर हुर्मतबीची, ती भरतकाम करायची. समोरच्या किल्ल्यावर सुलतानाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. कुणीतरी चहाडी केली आणि तिचा नवरा याकूब किल्ल्यात कैद झाला. किल्लेदारानं तिला निरोप धाडला म्हणे, सुलतानासाठी अंगरखा भरून दे, नवरा सोडतो. त्या काळी मानाच्या वस्त्राच्या बाह्यांवर राज्यकर्त्याचं नाव रेशमानं भरायची रीत होती.

बाईनं जीव ओतला. अंगरखा पुरा झाला आणि बातमी आली, सुलतानाला सख्ख्या भावानं मारलं, तोच आता तख्तावर बसला. नशीबच फुटकं, दुसरं काय! नवं कापड मिळायची सोय नव्हती. तिनं जुनं नाव जपून उसवलं आणि त्याच जागी नवं भरलं.

पण घट्ट विणीच्या रेशमी कापडावर सुईची भोकं बुजत नसतात. नवा सुलतान किल्ल्यावर आला, अंगरखा घालून सज्जात उभा राहिला, लोकांकडं बघून हात उचलला. उन्हात त्याच्या नावाखालून मेलेल्या भावाचं नाव सगळ्यांनी वाचलं, असं सांगतात. बाईनं मुद्दाम केलं, असंच त्याला वाटलं. त्यानं याकूबला कड्यावरून लोटायला लावलं. तिला मात्र कुणी हात लावला नाही.

ती किल्ल्याच्या दरवाज्याशी बसून राहिली. एवढंच म्हणाली, "माझ्याच सुईनं माझा माणूस गेला." तिची समजूत कोण घालणार? मरेपर्यंत तिनं सुई धरली नाही म्हणे.

आजही ज्यांचं माणूस तुरुंगात आहे अशा बाया लांबून येतात, चादरीच्या काठाला एक टाका घालतात. चुकला तरी तसाच ठेवतात. माझा जन्म इथं गेला, त्या टाक्यानं कुणी सुटून आलेलं मी पाहिलं नाही. त्यांना तसं तोंडावर सांगतो. त्या ऐकून घेतात आणि सुई माझ्यापुढं धरतात. रडून रडून त्यांना नेढं दिसत नसतं. मी दोरा ओवून देतो.